लक्ष्याचा जामीन आणि आपलं भांडण

हवालदार, रडायचं ते मागाहून रडेन, आधी बातमी ऐका. काल तुमच्या जलदानविधीला आले होते. मांडवात बसल्या बसल्या माझ्या कानावर असं काही पडलं की मी ओरडणारच होते. शेजारी तुमच्या घरच्या वहिनी बसल्या होत्या म्हणून पदराचा बोळा तोंडात कोंबला. लोकांना वाटलं, खाणावळवाली मावशी फार हळवी झाली. हळवी कसली! मला हसू आवरत नव्हतं. पहिला विचार मनात आला तो हाच, की हे आत्ताच्या आत्ता जाऊन हवालदारांना सांगायला पाहिजे. अर्धी उठलेसुद्धा. मग समोर हार घातलेला तुमचा फोटो दिसला, आणि खाली बसले.

म्हणून आता लिहितेय. एका परीनं बरंच झालं. तुम्ही जिवंत होतात तोवर मला एक वाक्य धड पुरं करू दिलं नाहीत. आता मध्ये तोंड घालायची सोय तुम्हाला नाही, तेव्हा मी पहिल्यापासून सांगणार आणि माझ्या पद्धतीनं सांगणार. बातमी शेवटी. तोवर दम धरा.

तुरुंग म्हटलं की लोकांना शहरातला मोठा तुरुंग आठवतो, बुरूज, घंटा, लोखंडी फाटक. आपलं सबजेल म्हणजे तालुक्याच्या कचेरीमागं दोन खोल्या पुरुषांच्या, एक खोली बायकांची, मध्ये अंगण, आणि भिंत एवढीच की तिच्यावर बसून पोरं बोरं खायची. सही-शिक्का मामलेदारांचा, लिखापढी कारकून भाऊसाहेबांची, पहारा तुमच्या गार्डाचा आणि दोन वेळचं जेवण माझ्या खाणावळीतलं. म्हणजे सरकारचा तुरुंग खरा चालवतो ते आपण दोघं, असं मी म्हणायचे. तुम्ही इकडे तिकडे बघून म्हणायचात, "हळू बोल बाय, साहेबांना वाटतं ते चालवतात."

तुम्ही इथं बदलून आलात तेव्हा माझा नवरा नुकताच गेला होता. कैद्यांच्या जेवणाचं काम एका बाईकडे कसं ठेवायचं, यावर कचेरीत खल चालला होता. तुम्ही माझ्या पिठल्याचं पातेलं उचललंत आणि थेट मामलेदारांच्या टेबलावर नेऊन ठेवलंत. "साहेब, बाईकडं बघू नका, पिठल्याकडं बघा." साहेबांनी आधी बोट लावलं, मग चमचा मागवला. काम माझ्याकडेच राहिलं. हे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. बोलले असते तर तुम्ही माझ्या डाळीला नावं ठेवायचं सोडलं असतं, आणि ते मला चाललं नसतं.

कारण नावं ठेवायला तुम्ही कधी चुकला नाहीत. कैद्याच्या ताटात जायच्या आधी जेवण गार्डाच्या माणसानं चाखायचं, हा नियम. तुमच्या आधीचे हवालदार नुसता वास घ्यायचे आणि सही ठोकायचे. तुम्ही दारात उकिडवे बसून वाटीभर डाळ घ्यायचात, डोळे मिटायचात, आणि मी कपाळाला आठी घालून उभी.

"बाय, ही डाळ हाय का डाळीचं पानी?"

"पाणी जास्त झालं असंल तर गाळून घ्या. फडकं देऊ?"

आतून कैदी हसायचे. त्यांना जेवणाइतकीच आपल्या भांडणाची वाट असायची. संध्याकाळी कुलूप घालायच्या आधी तुम्ही सगळ्यांना ओळीत बसवून मोजायचात आणि खणखणीत आवाजात ओरडायचात, "गिनती बरोबर!" तो आवाज रस्ता ओलांडून माझ्या चुलीपर्यंत यायचा. तो ऐकला की मी भात उतरवायचे.

तुमचं एक शास्त्र होतं. पक्का कैदी म्हणजे शिक्षा लागलेला. तो आपल्याकडे फार टिकायचा नाही, पुढच्या तुरुंगात जायचा. आपल्याकडे सगळे कच्चे कैदी, खटला चालायचा राहिलेले. "कच्चा म्हंजे अजून गुन्हेगार ठरला नाय," तुम्ही नव्या शिपायाला शिकवायचात. "ठरंपर्यंत तो आपला पावना." मी भाकऱ्या मोजता मोजता विचारायचे, "पाहुण्याला कोन कुलूप घालतं?" तुम्ही मिशी कुरवाळत म्हणायचात, "कुलूप सरकारचं हाय. आदर आपला." तेव्हा मला तो नुसता शब्दाला जोडलेला शब्द वाटायचा.

तुम्ही छप्पन सालातले बौद्ध. आमचं घर कुणब्याचं. माझी पातेली तुम्ही स्वतः उचलून आत न्यायचात. एकदा बांधावरच्या मारामारीत आत आलेल्या एका गड्यानं तुमच्या हातचं ताट बाजूला सारलं. "माझं येगळं पाठवा" म्हणाला. तुम्ही ताट तिथंच ठेवून आलात. मला कळलं तशी मी पदर खोचून गजापाशी गेले आणि त्याला म्हटलं, "माझ्याकडं येगळी चूल नाय. खायाचं तर हेच, नायतर पानी पी आनि झोप." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं गुमान ताट ओढलं. तुम्ही मात्र त्याच्या भाकरीवर माझ्याकडून मागून नेलेला जास्तीचा ठेचा ठेवलात. त्याचा राग मला आजही आहे.

त्याच वर्षी मी तुम्हाला भाऊबीजेला बोलावलं. आलात, पाटावर बसलात, आणि मी तबक उचलताच ताडकन उभे राहिलात. "बाय, ओवाळू नको. दीक्षा घेतली तवाच हे समदं सोडलं. जेवायला वाढ."

"ओवाळल्याबिगर भाऊ कसला हो?"

"आनि जेवू घातल्याबिगर भैन कसली? तू रोज घालतेस. मंग मधी दिवा कशाला?"

मी रागानं तबक आत ठेवलं आणि तुम्हाला दोन करंज्या कमी वाढल्या. तेव्हापासून दरसाल तेच. तुम्ही यायचात, मी तबक उचलायचे, तुम्ही उभे राहायचात, मी फणकारायचे. शेवटची भाऊबीजही तशीच गेली. हे आपलं पहिलं भांडण, आणि ते तसंच राहिलं. दुसरं भांडण लक्ष्याचं.

लक्ष्या आपल्या डोंगराखालच्या कोंडाणे गावचा. माथेरानला हातरिक्षा ओढायचा. तिथल्या एका हॉटेलात कुणा पाहुण्याचं घड्याळ गेलं. खोलीत सामान ठेवणारा शेवटचा माणूस हा, एवढ्यावर त्याला धरून आणलं. घड्याळ त्याच्याकडे सापडलं नव्हतं. कोर्टानं जामीन मंजूर केला, पण दोन जामीनदार पाहिजेत आणि दोघांच्या नावावर जमीन पाहिजे, अशी अट घातली. लक्ष्याची आई दुसऱ्याच्या शेतावर राबणारी. तिनं कोंडाण्यापासून खालपर्यंत जमीनवाल्यांचे उंबरे झिजवले. "माथेरानच्या चोरीत कोन पडनार?" म्हणून सगळ्यांनी हात वर केले. कोर्टानं पोराला सोडलं होतं आणि सातबाऱ्यानं अडवलं होतं. भात कापून झालं, झोडून झालं, वाल पेरून उगवले, तरी लक्ष्या आतच.

पोरगं गुणी होतं. अंगण झाडायचं, माझी पातेली न सांगता घासून द्यायचं. आई बाजाराच्या दिवशी मुलाखतीला यायची. गजातून त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि जाताना माझ्या ओट्यावर बसून मुकाट रडायची. मी तिला चहा द्यायचे. दुसरं देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. माझ्या नावावर ना जमीन, ना जागा. तुम्ही तर सरकारी माणूस, तुम्हाला जामीन राहता येत नव्हतं.

आणि अशात भाऊसाहेबांनी सांगितलं की सबजेलात दाटी झाली आहे, चार-पाच कच्चे कैदी जिल्ह्याच्या तुरुंगात पाठवायचे, आणि त्यात लक्ष्या आहे. सव्वीस जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चलान, म्हणजे पोलिसांबरोबर रवानगी. तिकडे गेलेल्या कैद्याला तारखेला इथं आणायचं तर सोबतीला पोलीस मिळायला हवेत. नाही मिळाले की तारीख पुढं, पुन्हा नाही मिळाले की आणखी पुढं. घड्याळाच्या चोरीला जेवढी शिक्षा लागली असती त्याहून जास्त दिवस माणूस नुसती वाट बघत काढतो. आई तिकडे भेटायला जाणार कशी? एवढा लांबचा प्रवास तिला झेपणार नव्हता.

तुम्ही दोन दिवस माझ्या डाळीला नावं ठेवली नाहीत. मी घाबरले. मुद्दाम मीठ विसरले, तरी वाटी संपवून उठलात. सुट्टीच्या दिवशी सायकल काढून कुठं गेलात ते दिवेलागणीला धुळीनं माखून परत. विचारलं तर म्हणे, "हवा खायला गेलो व्हतो." मिशीवर एवढी धूळ, म्हटलं, हवा नाही, रस्ता खाऊन आलात. मग जाता जाता सहज विचारल्यासारखं केलंत, "बाय, सव्वीस जानेवारीला कैद्यांना गोड काय करनार?"

"शिरा. दरसालचाच."

"औंदा जास्त कर. पावनं येनार हायेत."

नवे मामलेदार कोवळे होते, नियमाचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारे. तुम्ही त्यांना त्यांच्याच पुस्तकातलं दाखवलंत. कच्च्या कैद्याला मोकळ्या हवेत व्यायाम द्यावा. साहेब म्हणाले, "बरोबर आहे. कसला व्यायाम?" तुम्ही म्हणालात, "कबड्डी, साहेब. कैदी एकीकडं, गार्ड आनि कचेरीतले शिपाई दुसरीकडं." साहेबांनी परवानगी दिली, पण अंगणातच आणि दार लावून. सव्वीस जानेवारीला झेंडा फडकवला, भाषण केलं आणि ते जीपमध्ये बसून खालापूरकडच्या दुसऱ्या कार्यक्रमाला गेले. जीप वळणाआड गेली तसे तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत वर केलीत.

काय दिवस होता तो, हवालदार!

झेंड्याला दोन्ही बाजूंची बडी माणसं आली होती. कर्जतकडचे बापू पाटील, फेटा, पानाची चंची, आणि स्वतःचा कबड्डीचा संघ पोटच्या पोरांसारखा सांभाळणारे. खालापूरकडचे दामूशेठ, भाताची गिरणी, पांढरं धोतर, आणि त्यांचाही संघ. या दोघांचं वैर साऱ्या मुलखाला माहीत. एकाच्या लग्नात दुसरा जेवायचा, पण कबड्डीचं नाव निघालं की पंगत मोडायची. झेंडा झाल्यावर दोघंही घरी जायला निघाले नाहीत, सबजेलच्या भिंतीपाशी घुटमळत राहिले. मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आत खेळ सुरू झाला. कैद्यांचा संघ म्हणजे काय सांगायचं! हातभट्टीवाला पोटाचा घेर सावरत मधल्या रेघेवर उभा, बांधावरून भांडून आत आलेले दोन भाऊ एकमेकांकडे न बघता एकाच बाजूला, एक बकरीचोर, आणि लक्ष्या. पंच भाऊसाहेब, कानाला टाक आणि तोंडात शिट्टी. पहिल्या दोन-तीन चढायांत गार्डानं कैद्यांना पार लोळवलं. मग लक्ष्या रेघ ओलांडून गेला.

माथेरानच्या चढावर माणसं बसवून रिक्षा ओढणारी ती छाती. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, दम तुटायचं नावच नाही. डाव्या कोपऱ्यात शिपायाला हात लावला, उजव्या कोपऱ्यात दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारली, तुम्ही घोटा धरलात तर तुम्हाला फरफटवत रेघेवर आणलं. भिंतीवरची पोरं किंचाळली. ती किंचाळली म्हणून बाहेरचे भिंतीवर चढायला लागले. ज्यांना भिंत मिळाली नाही ते दारावर धडका मारायला लागले. "उघडा! आमाला बी बघू द्या!" उभ्या आयुष्यात मी तुरुंगाचं दार बाहेरच्या लोकांनी आत घ्या म्हणून ठोठावलेलं तेवढं एकदाच पाहिलं. भाऊसाहेब शिट्टी तोंडातून काढून म्हणाले, "हवालदार, साहेबांनी दार लावून सांगितलंय." तुम्ही धापा टाकत म्हणालात, "भाऊसाहेब, मोडलं तर सरकारचं दार जाईल. उघडलेलं बरं." आणि उघडलंत.

मग काय, जत्राच. बापू पाटील आणि दामूशेठ अंगणात समोरासमोर उभे राहिले, आणि लक्ष्याच्या प्रत्येक चढाईला एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. मी हातात उलथनं घेऊन उंबऱ्यात उभी होते. शिरा चुलीवर करपायच्या बेतात, आणि मी ओरडतेय, "धर त्याला! अगं बाई, सोड! पळ रं लक्ष्या!" मी कुणाच्या बाजूची हे मलाच कळेना. शेवटच्या चढाईला तुमचा घोटा मुरगळला, तुम्ही आडवे झालात, आणि गार्डावर लोण चढला. कैदी जिंकले!

आणि इथं एक चूक झाली. कर्जतकडच्या पोरांनी लक्ष्याला खांद्यावर घेतलं. आपल्याकडे सामना जिंकणाऱ्याला खांद्यावर घेतातच, त्यात कुणाला वावगं वाटलं नाही. खांद्यावर घेतला म्हणजे मिरवायचा, आणि मिरवायचा म्हणजे बाजारातून. कुठून तरी ढोलकी आली. उघड्या दारातून ती सगळी वरात बाहेर पडली, आणि दाराशी उभा असलेला शिपाई टाळ्या वाजवत होता.

मी पळत खाणावळीत आले, शिरा वाचवला. तोवर वरात माझ्याच दारी. लक्ष्याला बाकावर बसवलं. मी त्याच्यापुढं शिऱ्याचं ताट ठेवलं, संपल्यावर पुन्हा वाढलं, वर म्हटलं, "लाजू नको रं, पोटभर खा." देवाशप्पथ सांगते, त्या पोराला रोज मीच जेवू घालत होते. रोज तिकडं जेवतो, आज इकडं जेवतोय, एवढाच फरक मला वाटला. कैदी बाहेर आहे हे माझ्या ध्यानीमनी नाही!

तुम्ही अंगणात घोट्याला फडकं बांधून घेत होतात. कैद्यांनी विहिरीवर हातपाय धुतले, ओळीत बसले. भाऊसाहेबांनी मोजले, पुन्हा मोजले, आणि मटकन पायरीवर बसले. एक कमी. लक्ष्या पळाला असता तर त्याचा जामीन कायमचा बुडाला असता, वर पळाल्याचा नवा गुन्हा. आणि तुमच्या अंगावरची वर्दी गेली असती. तुम्ही एका पायावर उड्या मारत माझ्या दारात आलात. तुमचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. ओठ पांढरे.

"बाय," तुम्ही म्हणालात, "लक्ष्या..."

"अहो, जेवतोय तो. तुमी बी बसा."

तुम्ही दाराची चौकट धरलीत. बाकावर बघितलंत. लक्ष्या तोंडात घास घेऊन उठून उभा राहिला, हात शर्टाला पुसले आणि म्हणाला, "चला हवालदार, गिनती चुकली आसंल." तेव्हा कुठं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, आणि हातातलं उलथनं खाली पडलं. तुम्ही हसायला लागलात. घोटा धरून, चौकटीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात.

परत जातानाही वरातच. ढोलकीसकट सगळा बाजार लक्ष्याला तुरुंगात पोचवायला! लक्ष्या तुम्हाला खांद्याचा आधार देत चालला होता. कैदी हवालदाराला घेऊन तुरुंगात गेला, आणि आतून तुमचा आवाज आला, "गिनती बरोबर!" बाजारानं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "काल काही विशेष?" तुम्ही सरळ उभे राहून म्हणालात, "काय नाय साहेब. व्यायाम झाला."

त्याच दिवशी सकाळी लक्ष्या हातकडी घालून सबजेलच्या पायरीवर बसला होता. जिल्ह्याला न्यायला आलेले पोलीस माझ्याकडे चहा पीत होते. आई खांबाला टेकून उभी, हातात वालाच्या शेंगांचं गाठोडं, पोराला वाटेत द्यायला. मी मुद्दाम एकेकाला दुसरा चहा देत होते, तेवढाच उशीर. आणि कोर्टाच्या पायरीवर गलका झाला. एका बाजूनं बापू पाटील, एका बाजूनं दामूशेठ, दोघांच्या हातात सातबारा.

"मी आधी आलो! पोराला जामीन मी ऱ्हानार!"

"तुमचं आधी म्हंजे काय? माझा मानूस उजाडल्यापासून हितं बसवलाय!"

"तुमाला पोरगा नको, तुमाला खेळगडी पायजे!"

"आनि तुमाला काय जावई पायजे?"

कोर्टाच्या कारकुनानं हुकूम वाचला आणि चष्म्यावरून बघितलं. "जामीनदार दोन लागतात. दोघंही या." मग बापूंनी सही केली, आणि त्यांच्या सहीखाली दामूशेठनी केली, जन्मात पहिल्यांदा एका कागदावर. लक्ष्याची हातकडी निघाली. आईनं शेंगांचं गाठोडं तिथंच सोडलं आणि पोराच्या गळ्यात पडली. मी रडले. तुम्ही भिंतीला टेकून उभे होतात, फडकं बांधलेला पाय वर धरून, आणि आकाशाकडे बघत होतात, जसं काही तुमचा या कशाशी संबंधच नाही. पुढं घड्याळाची केस उभी राहिली नाही. लक्ष्या एक हंगाम कर्जतकडून खेळला, एक खालापूरकडून.

मी तेव्हाच म्हटलं, "हवालदार, हे तुमी मुद्दाम घडवून आणलंत."

"छ्या! मला खेळायचं व्हतं."

"या वयात?"

"खेळायला वय कसलं? लोकांना पोरगा आवडला, ते आले. मी काय केलं?"

किती वेळा विचारलं! तुम्ही निवृत्त झालात, कुलाबा जिल्ह्याचं रायगड झालं, माझ्या डोक्यावर पांढरं आलं. शेवटी दवाखान्यात कॉटवर होतात तेव्हा मी पेज घेऊन आले आणि तेव्हाही विचारलं. तुम्ही एक चमचा घेतलात, डोळे मिटलेत. मला वाटलं, आता सांगणार. तुम्ही म्हणालात, "बाय, ही पेज हाय का पेजेचं पानी?" ते तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी बाहेर व्हरांड्यात येऊन रडले, आणि रडता रडता चिडले, की अजून पत्ता लागू देत नाही हा माणूस.

आता बातमी. काल मांडवात बापू पाटील आणि दामूशेठ शेजारी शेजारी बसले होते. दोघांना काठ्या लागतात आता, आणि दामूशेठना कमी ऐकू येतं म्हणून ते मोठ्यानं बोलतात. तुमच्या फोटोकडे बघून म्हणाले, "मानूस माझ्या भल्याचा हो. तुमच्यावर मात मला त्याच्यामुळंच करता येनार व्हती. झेंड्याच्या आधी सायकलवरनं घरी आला, म्हनला, शेठ, आत एक कबड्डीचा हिरा हाय, बापू पाटील त्याला जामीन ऱ्हाऊन पळवनार हायेत. सव्वीस तारखेला येऊन बघा, आनि पटला तर कागद तयार ठेवा."

बापूंच्या हातातलं पान तसंच राहिलं. "काय म्हनता? त्याच दिवशी माझ्याकडं आला व्हता तो. पानी प्याला माझ्या पडवीत. मला म्हनला, दामूशेठनी कागद काढून ठेवलेत!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. मग बापूंचं पोट हलायला लागलं. मग दामूशेठचं. दोन म्हातारे जलदानाच्या मांडवात उपरणं तोंडाला लावून हसतायत, आणि पलीकडे लक्ष्या, तुम्हाला खांदा दिलेला लक्ष्या, केस पिकलेला, कावराबावरा होऊन त्यांच्याकडे बघतोय. मी पदर तोंडात कोंबला तो तेव्हा.

हवा खायला गेला होतात! एका दिवसात कर्जतकडे आणि खालापूरकडे सायकल हाणलीत, अस्सल दोन थापा मारल्यात. दोनच, हवालदार. कारण जामीनदार दोन लागत होते. घोटा मुरगळून घेतलात, वर्दी पणाला लावलीत, आणि आयुष्यभर मला म्हणालात, मला खेळायचं होतं. कुलूप सरकारचं आणि आदर आपला, हे तुमचं बोलणं मला काल कळलं. तुम्ही हरलात. मी म्हणत होते तेच खरं निघालं. एवढं जिंकूनही समोर तोंड पाडून बसायला तुम्ही नाही, ही मात्र तुमची लबाडी झाली.

वंदना झाली. सगळे एकेक करून पुढं जाऊन मेणबत्ती लावत होते. वहिनींनी माझ्याही हातात एक दिली. मी ती पेटवली, तुमच्या फोटोपुढं उभी राहिले. त्या फोटोतही मिशीत हसताय. आणि खरं सांगते, माझा हात आपोआप गोल फिरायला निघाला. एवढ्या वर्षांची हौस. आता कोण ताडकन उभं राहणार होतं? कोण म्हणणार होतं, दिवा कशाला मधी?

हात अर्ध्यावर थांबवला. मेणबत्ती बाकीच्यांसारखी सरळ ठेवली, हात जोडले. तुम्ही नको म्हणाला होतात, मग नकोच. एक भांडण मी जिंकले, एक तुम्हाला दिलं.

गिनती बरोबर, हवालदार.